खाडे खरंच कमी झाले का? गैरहजेरीवरच्या उपक्रमांचं मोजमाप, पायरी पायरीने

कामाच्या ठिकाणी खाडे वाढले की काहीतरी उपाय सुरू होतो. कुठे आरोग्य तपासणी शिबिर, कुठे कामाच्या वेळा थोड्या सैल, कुठे पूर्ण हजेरीला बक्षीस, तर कुठे आजारपणानंतर परतलेल्या माणसाशी सुपरवायझरनं बसून बोलायची पद्धत. सहा महिन्यांनी बैठकीत दोन आकडे दाखवले जातात: आधी ६.२ टक्के, आता ५.१ टक्के. उपक्रम यशस्वी ठरतो आणि पुढच्या वर्षाचं बजेट मंजूर होतं.

या दोन आकड्यांवरून उपक्रम लागू पडला की नाही, हे कळत नाही. खाडे आपोआपही कमी होतात. साथ ओसरते, दीर्घ आजारी माणूस बरा होऊन परततो, सतत दांड्या मारणारे दोघे नोकरी सोडून जातात. खरा प्रश्न एवढाच असतो: हा उपक्रम नसता, तर आज आकडा किती असता? त्याचं उत्तर कुठल्याही मस्टरमध्ये लिहिलेलं नसतं. ते तुलनेतून काढावं लागतं आणि त्या तुलनेची तयारी उपक्रम सुरू होण्याआधी करावी लागते. नंतर केली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

नुकतेच एचआरमध्ये आलेले, विभाग किंवा शिफ्ट सांभाळणारे, किंवा हजेरीची फाईल अचानक ज्यांच्या टेबलावर येऊन पडली आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. साधं स्प्रेडशीट आलं तरी पुरे. मी आग्रहानं सांगतो, कारण चुकीच्या मोजमापाचा भुर्दंड शेवटी काम करणाऱ्यांना पडतो. निरुपयोगी बक्षीस योजना वर्षानुवर्षं चालत राहते, आणि पाठदुखी खरोखर कमी करणारा बदल मात्र ‘तीन महिन्यांत आकडा हलला नाही’ म्हणून गुंडाळला जातो.

पायरी १: उपक्रम नेमका कशावर काम करणार, ते आधी लिहून काढा

‘गैरहजेरी कमी करणे’ हे मोजता येण्याजोगं उद्दिष्ट नव्हे. गैरहजेरी अनेक प्रकारची असते आणि प्रत्येक उपाय त्यातल्या एखाद्याच प्रकाराला हात घालतो. फ्लूच्या लशीनं साथीच्या दिवसांतली तीन-चार दिवसांची आजारपणं कमी व्हायला हवीत. तिचा पाठीच्या दुखण्याशी संबंध नाही. वजन उचलण्याची पद्धत सुधारली तर फरक लांबलचक रजांमध्ये दिसेल आणि तोही कदाचित वर्षभरानं. वेळा सैल केल्या तर घरच्या कामासाठी मारलेले एकेक दिवसाचे खाडे घटतील. परतल्यावरच्या संभाषणाचा परिणाम वारंवार होणाऱ्या छोट्या खाड्यांवर व्हावा.

म्हणून एका कागदावर तीन गोष्टी लिहा: कुठला आकडा हलेल, कुठल्या दिशेनं, किती दिवसांत. खाली तारीख घाला आणि ज्यांनी उपक्रम मंजूर केला त्यांची सही घ्या. ही सही औपचारिक वाटली तरी पुढे फार कामाला येते. सहा महिन्यांनी ठरलेला आकडा हलला नाही की लोक दुसरा, हललेला आकडा शोधायला लागतात. पंधरा आकडे चाळले तर त्यातला एखादा योगायोगानं सुधारलेला सापडतोच.

पायरी २: खाडा कशाला म्हणायचं, ते पक्कं करा

ही पायरी कंटाळवाणी आहे, तरी ती गाळू नका. पुढील प्रश्नांची उत्तरं एका पानावर असली पाहिजेत. आधी मंजूर झालेली रजा खाड्यात धरायची का? (धरू नये.) बाळंतपणाची रजा? (तीही नको.) अर्धा दिवस कसा मोजायचा? मध्यरात्र ओलांडणारी शिफ्ट चुकली तर तो खाडा कुठल्या तारखेचा? शुक्रवारी आजारी पडलेला माणूस मंगळवारी आला आणि मधे दोन दिवस साप्ताहिक सुट्टी होती, तर खाडा एक की दोन? माझं मत: खंड (म्हणजे सलग गैरहजेरीचा एक प्रसंग) एक, दिवस दोन, कारण कामाचे दिवस दोनच बुडाले. कंत्राटी माणसं मोजणार का? महिन्याच्या मध्यावर रुजू झालेल्याचे किती दिवस धरणार?

उत्तर कुठलंही असो, ते उपक्रमाच्या आधी आणि नंतर एकच राहिलं पाहिजे. एक गफलत फार ठिकाणी होते: उपक्रमाच्या मुहूर्तालाच हाताने भरायचं मस्टर बंद होतं आणि अंगठ्याचं मशीन बसतं. मस्टरवर सांभाळून घेतले जाणारे खाडे मशीन सांभाळून घेत नाही, त्यामुळे आकडा वाढल्यासारखा दिसतो. याच्या उलटही घडतं. मशीन बदलायचंच असेल तर ते उपक्रमाच्या किमान काही महिने आधी बदला, किंवा काही काळ दोन्ही नोंदी ठेवून त्यांच्यात किती फरक पडतो ते बघा.

पायरी ३: एक टक्केवारी पुरत नाही, तीन आकडे ठेवा

पहिला आकडा गैरहजेरीचा दर: बुडालेले कामाचे दिवस भागिले कामाचे एकूण अपेक्षित दिवस, गुणिले १००. दुसरा वारंवारता: दर माणशी गैरहजेरीचे खंड किती. सलग तीन दिवसांची अनुपस्थिती हा एक खंड. तिसरा सरासरी लांबी: बुडालेले दिवस भागिले खंड.

हे तीनही का लागतात, ते एका विभागावर बघू. समजा पॅकिंगला ६० माणसं आहेत आणि महिन्यात कामाचे २५ दिवस. म्हणजे अपेक्षित दिवस १,५००. त्यातले ९० बुडाले, दर ६ टक्के. आता नोंदी उलगडून बघा. दोन जण महिनाभर आजारी, त्यांचेच ५० दिवस. उरलेले ४० दिवस इतरांच्या ३२ छोट्या खंडांतून आलेले. पुढच्या महिन्यात आजारी दोघांपैकी एक जण बरा होऊन परतला, बाकी कशातही काही बदल नाही. आता बुडालेले दिवस ६५ आणि दर ४.३ टक्के. दोन टक्क्यांच्या आसपास घट! त्याच महिन्यात हजेरीचं बक्षीस सुरू झालं असेल तर श्रेय कुणाला जाईल, हे सांगायला नको. खंड मात्र ३४ वरून ३३ वर आलेत, म्हणजे छोटे खाडे जिथल्या तिथे आहेत. वारंवारता पाहणाऱ्याला हे एका नजरेत कळतं, नुसता दर पाहणाऱ्याला कधीच कळत नाही.

म्हणून लांब आणि छोट्या गैरहजेरीची बेरीज एकत्र दाखवू नका. सीमा तुम्ही ठरवा, उदाहरणार्थ सलग २० कामाचे दिवस. त्यापुढचं सगळं वेगळ्या रकान्यात टाका.

ब्रॅडफर्ड फॅक्टर तुमच्या कानावर येईल. सूत्र सोपं आहे: वर्षभरातल्या खंडांचा वर्ग गुणिले एकूण दिवस. दहा दिवस सलग आजारी असलेल्याचा गुणांक १० येतो, तर एकेक दिवस करून दहा वेळा न आलेल्याचा १,०००. वारंवार होणारे छोटे खाडे कामाची घडी अधिक विस्कटतात, असा त्यामागचा विचार. उपक्रमाचं यश मोजायला मात्र तो वापरू नये, असं मला ठामपणे वाटतं. वर्ग केल्यामुळे दोन-तीन माणसं अख्ख्या विभागाची सरासरी ओढून नेतात. शिवाय अर्धशिशी किंवा दम्यासारखा अधूनमधून उसळणारा आजार असलेल्या माणसाला हा गुणांक दांडीबहाद्दर ठरवतो.

पायरी ४: मागचा काळ नीट मांडा

उपक्रमाआधीचे किमान बारा महिने लागतात, चोवीस मिळाले तर फार बरं. ऋतूंप्रमाणे खाडे वरखाली होतात, म्हणून जूनची तुलना डिसेंबरशी करू नका, मागच्या जूनशी करा. २०२० आणि २०२१ ही वर्षं आधाराला घेऊ नका. विलगीकरण, टाळेबंदी आणि घरून काम यांमुळे त्या काळातल्या हजेरीचा अर्थच वेगळा होता.

महिन्यांचा साधा रेषालेख काढा आणि मधोमध मागच्या काळातल्या मध्यकाची (आकडे चढत्या क्रमानं लावले की मधोमध येणाऱ्या आकड्याची) आडवी रेघ मारा. आकडे तिच्या वरखाली होत राहतात, ते स्वाभाविक आहे. एखादा महिना खाली गेला म्हणून हुरळून जाऊ नका. उपक्रमानंतर सलग सात-आठ महिने रेघेच्या खालीच राहिले, तर काहीतरी खरंच बदललं असं म्हणायला जागा आहे. बदललं कशानं, हे मात्र या आलेखावरून कळत नाही.

आता या विषयातला सर्वांत मोठा सापळा. उपक्रम सहसा कुठे सुरू होतो? जिथे खाडे सर्वाधिक आहेत तिथे. आणि कधी? आकडा सर्वाधिक चढलेला असतो तेव्हा. फासे टाकून ज्यांना सहा पडले त्यांना बाजूला काढा आणि पुन्हा टाकायला सांगा. दुसऱ्या फेरीत त्यांची सरासरी हमखास खाली येईल, त्याआधी तुम्ही त्यांना भाषण दिलेलं असो वा नसो. खाड्यांमध्ये माणसाच्या सवयीचा भाग असतो तसा निव्वळ योगायोगाचाही असतो: मूल आजारी पडणं, पाय मुरगळणं, एकाच तिमाहीत दोन साथी. ‘मागच्या तिमाहीत तीनपेक्षा जास्त खंड’ अशा अटीनं माणसं निवडली की ज्यांचा योगायोग वाईट होता तेच जास्त संख्येनं यादीत येतात. पुढच्या तिमाहीत तो योगायोग परत येत नाही आणि आकडा घसरतो. फ्रान्सिस गॉल्टननं १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीबद्दल हेच दाखवलं होतं: खूप उंच आईवडिलांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, पण बहुधा आईवडिलांइतकी नसतात. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. गैरहजेरीवरच्या यशोगाथांपैकी पुष्कळ याच घसरणीवर उभ्या असतात, असं माझं मत आहे.

यावर उपाय दोन. एक, यादी एका काळातल्या आकड्यांवरून करा आणि ‘आधीचा’ आकडा म्हणून दुसराच काळ धरा. दुसरा उपाय जास्त भरवशाचा आहे आणि तो पुढच्या पायरीत येतो.

पायरी ५: तुलनेचा गट

बाकी सगळं विसरलात तरी ही पायरी लक्षात ठेवा. उपक्रम ज्यांना मिळाला नाही असा, पण बाकी बाबतींत तसाच, एक गट हवा.

सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी तुलना म्हणजे ज्यांनी भाग घेतला ते विरुद्ध ज्यांनी घेतला नाही ते. योगवर्गाला नाव नोंदवणाऱ्यांचे खाडे कमी दिसतात म्हणून योगवर्गानं खाडे कमी केले, असं म्हणता येत नाही. ज्यांची तब्येत बरी, ज्यांना कामात रस, तेच आधी नाव नोंदवतात.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा इलिनॉय विद्यापीठातला आहे. अर्बाना-शँपेन इथल्या या विद्यापीठानं २०१६ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य कार्यक्रम सुरू केला. अभ्यासात आलेल्या ४,८३४ कर्मचाऱ्यांपैकी ३,३०० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निव्वळ योगायोगानं कार्यक्रमात घेतलं आणि १,५३४ जणांना बाहेर ठेवलं. डेमन जोन्स, डेव्हिड मॉलिटर आणि ज्युलियन रीफ या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही गटांचे आकडे पुढे पाहत ठेवले. वैद्यकीय खर्चात किंवा आजारपणाच्या रजांमध्ये दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही. मग त्यांनी तीच माहिती नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे भाग घेणारे विरुद्ध न घेणारे अशी तपासली, तर कार्यक्रम चांगलाच उपयोगी असल्यासारखा दिसला. भाग घेणाऱ्यांचा वैद्यकीय खर्च कार्यक्रमाच्या आधीपासूनच कमी होता. तीच माणसं, तेच वर्ष, तेच आकडे. फक्त तुलना बदलली आणि निष्कर्ष फिरला.

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्याच बीजेज होलसेल क्लब या विक्री साखळीत झाला. तिथे माणसं न निवडता ठिकाणं निवडली. १६० ठिकाणांपैकी २० ठिकाणी, योगायोगानं निवडून, आरोग्य कार्यक्रम राबवला. सर्व १६० ठिकाणी मिळून जवळपास ३३,००० कर्मचारी होते. झिरुई साँग आणि कॅथरीन बेकर यांनी २०१९ मध्ये दीड वर्षाचे निकाल मांडले. कार्यक्रमाच्या ठिकाणचे लोक नियमित व्यायाम करतो, वजनावर लक्ष ठेवतो असं जास्त प्रमाणात सांगत होते, पण गैरहजेरीत फरक नव्हता.

‘आमच्याकडे असा प्रयोग कोण करू देणार?’ असं तुम्ही म्हणाल. पण बहुतेक ठिकाणी उपक्रम सगळीकडे एकदम सुरू करताच येत नाही. प्रशिक्षक एकच असतो आणि पैसे टप्प्याटप्प्यानं येतात. मग आधी कुठला विभाग आणि नंतर कुठला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्यांदेखत टाका. ‘अमक्याच्या विभागाला आधी का?’ ही कुरबुरही त्यानं मिटते. पहिले सहा महिने नंतरचे विभाग तुलनेचा गट ठरतात, पुढे त्यांनाही उपक्रम मिळतो आणि कुणावर अन्याय होत नाही.

निवड माणसांची करायची की विभागांची? फायदा एकाकडून दुसऱ्याकडे झिरपणार असेल तर विभागांची. एकाच टेबलावरच्या दोघांपैकी एकाला लवचीक वेळ द्यायची आणि दुसऱ्याला नाही, हे टिकत नाही आणि दुसरा चिडून जास्तच खाडे करू शकतो.

चिठ्ठ्या शक्यच नसतील, म्हणजे उपक्रम एका विभागात सुरू होऊन गेला असेल, तर फरकातला फरक काढा. समजा उपक्रमाच्या विभागात दर ६.८ वरून ५.४ वर आला. म्हणजे घट १.४. तशाच दुसऱ्या विभागात, काहीही न करता, तो ६.१ वरून ५.३ वर आला. म्हणजे घट ०.८. उपक्रमाच्या नावावर फार तर ०.६ टक्का लिहिता येईल. बाकीची घट एरवीही झाली असती. यात एक गृहीतक आहे: उपक्रमाआधी दोन्ही विभागांचे आलेख साधारण बरोबरीनं वरखाली होत असावेत. म्हणून मागच्या बारा महिन्यांच्या दोन्ही रेषा एकाच कागदावर काढा. त्या आधीपासूनच वेगवेगळ्या दिशांना जात असतील तर ही वजाबाकी करू नका, दुसरा विभाग शोधा. उपक्रमाचा विभाग मुळात ‘सर्वांत वाईट’ म्हणून निवडलेला असेल, तर तुलनेचा विभागही तितकाच वाईट असलेला घ्या. नाहीतर चौथ्या पायरीतली घसरण इथेही घुसते.

पायरी ६: हा फरक योगायोगाचा असू शकतो का?

६० माणसांच्या त्या पॅकिंग विभागाकडे परत बघा. एक माणूस महिनाभर आजारी पडला की दर १.७ टक्क्यांनी हलतो. अशा ठिकाणी अर्ध्या टक्क्याचा परिणाम एका महिन्याच्या दरावरून शोधू नये, तो सापडणार नाही. ६०० माणसांत तोच आजारी माणूस दर ०.१७ टक्क्यानंच हलवतो. गट लहान असेल तर काळ लांबवा, छोट्या खंडांची वारंवारता मुख्य आकडा म्हणून धरा, किंवा अनेक विभाग एकत्र घ्या.

खाड्यांचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. बऱ्याच जणांचा आकडा शून्य किंवा एक असतो आणि थोड्यांचा फार मोठा. सरासरी त्या थोड्यांच्या मागे धावते. म्हणून सरासरीबरोबर हेही सांगा: एकही खाडा नसलेले किती टक्के, पाचपेक्षा जास्त खंड असलेले किती.

संख्याशास्त्र शिकलेला सहकारी असेल तर या भागासाठी त्याची मदत घ्या. नसेल तर एक प्रामाणिक पद्धत घरच्या घरी जमते. समजा १२ विभागांपैकी ६ चिठ्ठ्यांनी निवडलेत. दोन्ही गटांच्या सरासरी बदलातला फरक काढा. आता उपक्रमाचा कुणावरच परिणाम झाला नाही असं घटकाभर माना आणि १२ मधून ६ निवडण्याच्या बाकीच्या प्रत्येक पर्यायासाठी तोच फरक काढा. असे एकूण ९२४ पर्याय होतात आणि स्प्रेडशीट ते चटकन करतं. तुमच्या खऱ्या निवडीइतका किंवा त्याहून मोठा फरक ९२४ पैकी ३०० वेळा येत असेल, तर तुमचा निकाल योगायोगापेक्षा वेगळा दिसत नाही. २० वेळाच येत असेल, तर म्हणण्यात दम आहे.

पायरी ७: ठरलं होतं ते घडलं का?

कागदावर उपक्रम होता, प्रत्यक्षात किती झाला? परतल्यावरचं संभाषण शंभर खंडांपैकी किती खंडांनंतर झालं, कोणत्या सुपरवायझरनं केलं, किती मिनिटं चाललं, याची छोटी नोंदवही ठेवा. चाळीसच वेळा झालं असेल तर ‘संभाषणानं फरक पडत नाही’ असा निष्कर्ष काढायचा नाही. संभाषण बहुतेक झालंच नाही, एवढंच म्हणता येईल.

हिशेब करताना मात्र ज्यांना उपक्रम देऊ केला होता त्या सगळ्यांचे आकडे धरा, ते आले असोत वा नसोत. फक्त आलेल्यांचे धरले की पाचव्या पायरीतला योगवर्ग पुन्हा दारात उभा राहतो. याच नोंदवहीत बाहेरच्या घटनाही लिहा: साथ, संप, पगारवाढ, नवा व्यवस्थापक, मोठी ऑर्डर. सहा महिन्यांनी ‘मार्चमध्ये काय झालं होतं?’ हे कुणालाही आठवत नाही.

पायरी ८: खाडे गेले की फक्त दुसऱ्या रकान्यात गेले?

मोजणी सुरू झाली की माणसं मोजणीशी जुळवून घेतात. त्यात त्यांचा दोष नाही, आपणच आकड्याला किंमत लावलेली असते.

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात सरकारी परिचारिकांच्या हजेरीवर तारीख-वेळ छापणाऱ्या मशीननं लक्ष ठेवण्याचा उपक्रम २००६ मध्ये सुरू झाला. सेवा मंदिर ही संस्था आणि स्थानिक आरोग्य प्रशासन त्यात होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी त्याचा अभ्यास केला. पहिले सहा महिने हजेरीत मोठी सुधारणा झाली. नंतर ‘सूट दिलेले दिवस’ वाढत गेले. प्रशासनच ते मंजूर करत होतं. नोंदीतली बिनपरवाना गैरहजेरी घटली, पण साधारण सोळा महिन्यांनी परिचारिका प्रत्यक्षात केंद्रावर असण्याचं प्रमाण लक्ष ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या ठिकाणी सारखंच होतं. अभ्यासकांनी स्वतंत्रपणे, अचानक जाऊन पाहिलं म्हणून हे उघड झालं. नुसत्या प्रशासकीय नोंदी वाचल्या असत्या तर उपक्रम चालू असल्यासारखा वाटला असता.

म्हणून एकट्या आजारपणाच्या रजेचा रकाना पाहू नका. किरकोळ रजा, बिनपगारी रजा, ‘बाहेरच्या कामावर’, अर्धा दिवस, उशिरा येणं, या सगळ्यांची बेरीज शेजारी ठेवा. एक रकाना घटला आणि दुसरा तेवढाच फुगला, तर खाडा कमी झालेला नाही, त्याचं नाव बदललं आहे.

बक्षिसांबद्दल विशेष सांभाळून राहा. जर्मनीतल्या एका किरकोळ विक्री साखळीत प्रशिक्षणार्थींना पूर्ण हजेरीसाठी पैसे देऊन पाहिले, तर गैरहजेरी घटायच्या ऐवजी सुमारे ५० टक्क्यांनी वाढली. न चुकता येणं हे कर्तव्य आहे, असं आधी वाटत असे. बक्षीस लागल्यावर न येणं ही फक्त बक्षीस सोडून द्यायची बाब झाली, असा अभ्यासकांचा अर्थ. अमेरिकेतल्या एका औद्योगिक धुलाई कंपनीत पाचपैकी एका कारखान्यात वक्तशीर हजेरीचं बक्षीस होतं. तिथे लोकांनी नियमांच्या फटी शोधल्या, महिन्यातली संधी हुकली की जुन्या सवयी परतल्या, आणि ज्यांची हजेरी आधीपासून उत्तम होती त्यांचा कामाचा हुरूप कमी झाला. एकूण उत्पादकता १.४ टक्क्यांनी घसरली. नुसती हजेरी मोजली असती तर ही किंमत दिसली नसती.

सर्वांत काळजीची गोष्ट म्हणजे आजारी असूनही कामावर येणं. तापानं फणफणलेला माणूस बक्षिसासाठी आला तर हजेरी सुधारते, काम बिघडतं आणि शेजारचे दोघे पुढच्या आठवड्यात आजारी पडतात. हे मस्टरमध्ये उमटत नाही, त्यामुळे विचारावं लागतं. दर तिमाहीला निनावी एकच प्रश्न पुरे: ‘गेल्या चार आठवड्यांत घरी थांबायला हवं होतं इतकं बरं नसताना तुम्ही किती दिवस कामावर आलात?’ दोन्ही गटांना विचारा. शेजारी अपघात, सदोष माल, तक्रारी आणि नोकरी सोडणाऱ्यांची संख्या ठेवा. खाडे घटले आणि यातलं काही वाढलं, तर उपक्रम चालू ठेवायच्या आधी थांबून विचार करा.

माणसांची खासगी माहिती जपणं याच पायरीत येतं. विश्लेषणाच्या फाईलमध्ये नावाऐवजी क्रमांक ठेवा. आजाराचं निदान सुपरवायझरच्या हाती जाऊ देऊ नका. दहापेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे छापू नका, कारण तिथे प्रत्येक आकड्यामागचा माणूस सगळ्यांना ओळखू येतो. एकदा विश्वास उडाला की खरी उत्तरं मिळणं बंद होतं.

पायरी ९: पैशांचा हिशेब, हात राखून

समजा २०० माणसं, वर्षाला प्रत्येकी २८० कामाचे दिवस. अपेक्षित दिवस ५६,०००. उपक्रमाच्या नावावर ०.६ टक्का घट निघाली असेल तर वाचलेले दिवस ३३६. त्याला पूर्ण रोजंदारीनं गुणायचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. खाड्याची खरी किंमत म्हणजे बदली माणसाला किंवा ओव्हरटाइमला दिलेले पैसे, गैरहजर माणसाला दिलेला पगार आणि अडलेलं काम. काही कामं दुसऱ्या दिवशी भरून निघतात, काही ठिकाणी एक माणूस नसला की अख्खी लाइन थांबते. विभागवार ठरवा. खर्चाच्या बाजूला उपक्रमात गेलेला सुपरवायझरचा वेळही धरा. तो फुकट नसतो.

मोठमोठ्या परताव्याचे दावे वाचताना ते कुठल्या तुलनेवर उभे आहेत ते पाहा. २०१० मध्ये बेकर, कटलर आणि साँग यांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून, आरोग्य कार्यक्रमांवरच्या प्रत्येक डॉलरमागे गैरहजेरीचा खर्च सुमारे २.७३ डॉलरनं घटतो, असं मांडलं होतं. तो आकडा आजही सादरीकरणांत फिरतो. त्याच बेकर आणि साँग यांचा नऊ वर्षांनंतरचा योगायोगी निवडीचा प्रयोग वर सांगितलाच आहे.

पायरी १०: अहवाल

दोन पानं पुरतात. पहिल्या पायरीतला सही केलेला कागद जसाच्या तसा जोडा. मुख्य आकडा एकच, दोन्ही गटांचा, आधीचा आणि नंतरचा. एकच नेमकी संख्या देण्यापेक्षा पल्ला द्या: ‘घट ०.१ ते १.१ टक्क्यांच्या दरम्यान असावी’ हे ‘घट ०.६ टक्का’ यापेक्षा खरं आहे. मग सावधगिरीचे आकडे (आठव्या पायरीतले: इतर रजा, आजारी असून कामावर येणं, अपघात, तक्रारी), मग राबवणुकीची नोंद.

‘परिणाम नाही’ आणि ‘परिणाम आहे की नाही ते एवढ्या माहितीतून कळलं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पल्ला शून्याच्या आसपास अगदी अरुंद असेल तर पहिलं लिहा. पल्ला उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत पसरला असेल तर दुसरं लिहा आणि किती माणसं, किती महिने आणखी लागतील तेही सांगा. निकाल नकारात्मक आला तर तो दडपू नका. निरुपयोगी उपक्रमाचे पैसे आणि वेळ मोकळे होणं हाही लाभच आहे, आणि व्यवस्थापनाला तो याच शब्दांत सांगा. ज्यांचे खाडे मोजले, त्या लोकांनाही निकाल दाखवा. आकडा का हलला किंवा का हलला नाही, याचं नेमकं कारण बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच कळतं: बस उशिरा येते, पाळीची अदलाबदल आठ दिवस आधी कळत नाही, आजारी आईला दवाखान्यात न्यायला दुसरं कुणी नाही.

शेवटी एक फोल्डर करा: व्याख्यांचं पान, चिठ्ठ्यांची यादी, नोंदवही, नावं काढलेली मूळ माहिती आणि आकडेमोडीची फाईल. वर्षभरानं हेच मोजमाप पुन्हा करायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. परिचारिकांच्या त्या उपक्रमातला पहिल्या सहा महिन्यांचा परिणाम सोळाव्या महिन्यात उरला नव्हता.